अनधिकृत पेचकस

धर्मापुरीच्या किल्ल्याच्या तटबंदीत जुन्या मंदिरांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. म्हणजे एकाचे पार्ट काढून दुसऱ्याला लावायची विद्या आपल्या बीड जिल्ह्यात जुनीच. त्या गवंड्याला ‘तुम्ही अधिकृत सेवाकेंद्राचे का?’ असं कुणी विचारलं नाही, म्हणून किल्ला झाला. आज विचारलं असतं आणि तटबंदीची वॉरंटी जागेवर रद्द झाली असती.

आज ती पाळी लॅपटॉपवर आलीय. गावातल्या ऑनलाइन सेवा केंद्रातल्या लॅपटॉपची स्क्रीन पीकविमा भरायच्या शेवटच्या दिवसांतच फुटते. कीबोर्डवर पेन राहतो, झाकण मिटतं, कट्ट असा आवाज येतो. उघडून बघावं तर मधोमध शाईसारखा डाग आणि कडेला रंगीत रेघा. ‘मामा, सर्व्हर डाउन आहे’ हे केंद्रातलं हुकमी वाक्य इथं चालत नाही, कारण विमा भरायला आलेल्या मामांना दिसतंय काय डाउन आहे ते. मग एचडीएमआय वायर लावून लॅपटॉप घरातल्या टीव्हीला जोडतात. चित्र आलं तर बोर्ड शाबूत, नुसतं पॅनेल गेलं, हे निदान फुकटात होतं. त्याच टीव्हीवर गल्लीभर लोकांना मामांचा सातबारा, गुंठे आणि बोजा यांचं थेट प्रक्षेपणही होतं. मामी तर प्रथमच पाहतात बोजा किती आहे ते.

कंपनीकडे जावं, तर तूटफूट वॉरंटीत बसत नाही. सुटं पॅनेल मिळत नाही, झाकणासकट घ्या. त्यापेक्षा नवाच घ्या की! विहिरीतली मोटर जळाली तर आपला माणूस ती परळीला भरायला टाकतो, संध्याकाळी पाणी सुरू. मोटरवाल्या कंपनीला त्यात कधी राष्ट्रीय सुरक्षा दिसली नाही.

सरकार झोपलेलं नाही. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टलही काढलं. ते बघायला चालू स्क्रीन लागते, एवढीच अडचण. पुढे कोणती वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे गुण देण्याची योजना आली. त्या योजनेवरच्या 2025 च्या अहवालात पहिला मान मोबाइल आणि टॅबलेटचा. लॅपटॉपने रांगेत उभं राहावं.

तोवर पेचकस घ्यावा. आधी चार्जर काढा, खालचं झाकण उघडून बॅटरीची पिन सोडवा. हे टाळून केबलला हात लावणारे बोर्डावरचा बॅकलाइटचा फ्यूज उडवून बसतात, आणि मग नवं पॅनेलही अंधारच दाखवतं. स्क्रीनभोवतीची चौकट बहुधा नुसत्या खाचांवर बसलेली असते. फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवत न्यायचं. (महिनाअखेरचं चालूही चालेल, त्यात तसंही काही नसतं.) आत चार बारीक स्क्रू निघाले तर नशीब. बऱ्याच नव्या मॉडेलांत तेही नसतात, दोन्ही बाजूंना लांबणारी चिकटपट्टी असते. ती हळूहळू ओढायची, मध्येच तुटली की कंपनीच्या इंजिनिअरच्या घराण्याची आठवण होते. पॅनेल कीबोर्डवर पालथं ठेवून मागच्या चपट्या केबलची पारदर्शक पट्टी सोलायची, छोटी लोखंडी कडी उचलायची आणि केबल सरळ रेषेत मागे घ्यायची. वर उपटायची नाही. नवं पॅनेल लावल्यावर चौकट बसवायच्या आधी एकदा चालू करून पाहायचं. घाईने खाचा दाबणाऱ्यांना त्या पुन्हा उघडाव्या लागतात.

पॅनेल मागवताना दुकानदाराला लॅपटॉपचं नाव सांगू नका. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनेलं येतात. जुन्या पॅनेलच्या पाठीवरचा स्टिकर वाचा, त्यावरचा नंबर पाठवा आणि पिना मोजा. 30 पिनांची केबल 40 पिनांच्या पॅनेलला बसत नाही, मग पॅनेल पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणा नाहीतर दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून.