बिनबातमीचा समतोल

खासगी एफएमवर राजकीय पक्षपात होत नाही, याची पक्की व्यवस्था सरकारने केली आहे. तिथे बातम्याच होत नाहीत. २००१ साली ही केंद्रं सुरू झाली, तेव्हापासून त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई आहे. २०११च्या धोरणाने सरकार थोडं विरघळलं आणि आकाशवाणीचं बातमीपत्र वाजवायला परवानगी मिळाली. मात्र जसंच्या तसं. काना-मात्रा इकडची तिकडे नको.

बातमी म्हणजे काय आणि काय नाही, हेही धोरणात आहे. वाहतूक, हवामान, क्रीडास्पर्धा, परीक्षा, निकाल, स्थानिक प्रशासनाने कळवलेल्या वीज-पाण्याच्या सूचना, या बातम्या नव्हेत. त्यामुळे उद्या पाणी येणार नाही, एवढं आरजे खुशाल सांगू शकतो. का येणार नाही, हे विचारलं की ती चालू घडामोड झाली. बारावीचा निकाल चालतो, विधानसभेचा चालत नाही. सगळा महाराष्ट्र मतमोजणीकडे डोळे लावून बसलेला असतो, तेव्हा आरजे बिचारा पहिल्या प्रेमाचे किस्से मागवत असतो.

याच देशात शेकडो वृत्तवाहिन्या रोज रात्री आठ-आठ माणसं चौकटीत कोंडून भांडायला लावतात. त्याने कुणाचा तोल जात नाही. राजकारण दिसलं तर पचतं, नुसतं ऐकू आलं तर बाधतं, असं काहीतरी शास्त्र दिल्लीत असावं. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगून ठेवलंय. पण मालकाला सगळंच कळवायला हवं असं थोडंच आहे! २०२३मध्ये ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्या, अशी शिफारस केली. दहा मिनिटं! उरलेली पन्नास तोल सावरायला ठेवली असावीत.

आता आकाशवाणी. निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना तिथे फुकट वेळ मिळतो. काही वेळ सगळ्यांना सारखा, वरचा वेळ मागच्या निवडणुकीतल्या कामगिरीनुसार. म्हणजे लोकांना ज्याचं म्हणणं आधीच पटलंय, त्याला ते पटवायला जास्त वेळ. संहिता आधी दाखवायची आणि नाव घेऊन कुणावर टीका करायची नाही. २०२४मध्ये दूरदर्शन-आकाशवाणीने माकपचे नेते सीताराम येचुरी यांच्या भाषणातली ‘जुलमी कायदे’ वगैरे शब्दयोजना काढायला लावली आणि ‘दिवाळखोरी’च्या जागी ‘अपयश’ आलं. गंमत अशी, की हे इंग्रजी भाषणात. त्याच भाषणाच्या हिंदी तर्जुम्यात कुणाला काही खटकलं नाही, असं येचुरींनीच सांगितलं. तपासनिसाची हिंदी कच्ची की काळीज मोठं, देव जाणे.

हे फक्त निवडणुकीतल्या भाषणांपुरतं नाही. २०१७च्या स्वातंत्र्यदिनी त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांना भाषणाला ‘नवा आकार’ द्यायला सांगितलं होतं. त्यांनी दिला नाही. मग भाषणच वाजलं नाही.

पंतप्रधानांची ‘मन की बात’ मात्र ऑक्टोबर २०१४पासून चालू आहे. हे पक्षाचं प्रसारण नव्हे, मनाचं आहे. त्यामुळे वेळेची वाटणी नाही, कामगिरीचा हिशेब नाही, उत्तर द्यायला समोर कुणी नाही. लोकसभेच्या आचारसंहितेत ते थांबतं, निकाल लागला की पुन्हा सुरू होतं. विरोधकांनाही मन असेल तर त्यांनी पुढच्या निवडणुकीपर्यंत ते सांभाळून ठेवावं. वेळ मिळेल. संहिता तेवढी आधी पाठवावी, शक्यतो हिंदीत.