लाइट बिलाच्या पाठीवरची मुंबई

वहिनी, गॅस बारीक करून जरा भिंतीपाशी या बघू. आणि हळू बोला. आमचे हे पुढच्या खोलीत पेपर वाचतायत, म्हणजे कान इकडेच आहेत.

काल तुमचे अण्णा आमच्याकडे आले ते नुसते तुमच्या मुलाच्या, विनूच्या बढतीचे पेढे द्यायला, असं तुम्हाला वाटलं असेल. पेढे दिलेच, पण मागोमाग खिशातून लाइट बिल निघालं. म्हटलं, या महिन्यात युनिट जास्त पडले की काय! तर बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने विनूच्या बदलीची अख्खी मुंबई मांडलेली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली दोन रेघा आणि शिल्लक. बँकेत कॅशियर होते ना, रेघ अजून वाकडी जात नाही. शिल्लक मात्र माझ्या गळी उतरेना.

ऐका तर. विनूचा मूळ पगार त्यांनी ५०,००० धरलाय. केंद्राच्या नोकरीत सांगलीला घरभाडे भत्ता २० टक्के, मुंबईला ३०. म्हणजे इथे १०,००० आणि तिथे १५,०००. वाहतूक भत्ता इथे १,८००, तिथे ३,६००, त्यावर महागाई भत्ता निराळा. अण्णांचं म्हणणं, बढतीची वाढ राहू दे बाजूला, नुसत्या बदलीनेच महिन्याला पावणेआठ हजारांच्या आसपास वाढतात. आमचे हे लागले मान डोलवायला.

मी चहा ठेवता ठेवता विचारलं, "अण्णा, विनू आत्ता तुम्हाला भाडं किती देतो?" दोघंही गप्प. घर तुमचं, कर्ज कधीच फिटलेलं. सरकार भाड्यासाठी दहा हजार देतं आणि भाडं शून्य. तिकडे हातात पंधरा येणार आणि डोंबिवलीत साध्या वन बीएचकेला अठरा जाणार, तेही स्टेशनपासून रिक्षाने आत. दहा उरत होते तिथे तीन खिशातले घालायचे. तेरा हजारांचा खड्डा झाला की नाही? वाहतूक भत्त्याने तो काय भरणार!

अहो, मी कुठे जाऊ नका म्हणतेय? पण वजाबाकी पुरती तरी करा.

अठरा आकडा मी मनाचा नाही सांगत, आमच्या धाकट्या जाऊबाई डोंबिवलीत असतात ना, त्यांच्याच इमारतीतला आहे. शिवाय तिकडे घर म्हणजे नुसतं भाडं नव्हे. डिपॉझिट, एजंटाचं एक महिन्याचं भाडं, अकरा महिन्यांचा करार, त्याची नोंदणी. नोंदणी करायची जबाबदारी कायद्याने मालकाची, पण खर्च बहुतेक वेळा भाडेकरूच्याच गळ्यात. अकरा महिने संपले की मालक फोन करणार, "मुलाचं लग्न ठरलंय, जागा लागेल." मुलगा सहावीत असला तरी.

आणि लोकल! जाऊबाईंचे यजमान डोंबिवलीला राहतात आणि पास काढतात कल्याणचा. का, तर सकाळी उलट्या गाडीने कल्याणला जायचं आणि तीच गाडी मुंबईकडे फिरली की बसल्या जागी बसून राहायचं. डोंबिवलीला चढलात तर आत शिरायची मारामार. जागा मिळालीच तर चौथी सीट. तिघांच्या बाकड्यावर चौथा टेकतो, एक मांडी आत, एक बाहेर. आपल्या विनूची उंची पाहता त्याचं काय होईल ते होवो. गेल्या खेपेला जाऊबाई आल्या तेव्हा रविवारीसुद्धा पहाटे पाचला उठून बसल्या होत्या. सवय हो.

जून २०२५ मध्ये मुंब्र्याला दारातली माणसं गाडीतून पडून गेली, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. त्यानंतरच तुम्ही मारुतीला नारळ बोललात, हो ना? मला तुमच्या सूनबाईंनी सांगितलं. सूनबाईंचं पुढे सांगतेच, थांबा.

पावसाचं मात्र मला सांगू नका. "मुंबईत पाणी भरतं" म्हणे! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, कबूल. पण आपली कृष्णामाई काय कमी आहे? २०१९ ला आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली होती. गावभागातली तुमची बहीण आठवडाभर आपल्याकडेच होती की. पाण्याला भिऊन जायचं नसेल तर सांगलीतही राहायला नको.

खरी गोम क्वार्टरमध्ये आहे. अँटॉप हिलला केंद्राच्या कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. तिथे जागा मिळाली की घरभाडे भत्ता बंद होतो आणि पगारातून लायसन्स फी कापतात, ती काहीशे रुपयांत. म्हणजे अण्णांचा कागद पुन्हा उलटा! दहा इथे बुडाले ते बुडाले, पण खिशातून अठरा जात नाहीत, आणि विनूचं फोर्टातलं ऑफिस डोंबिवलीच्या मानाने अगदी जवळ. इमारती जुन्या, गळतीचं विचारू नका. पण मुंबईच्या आत राहायला मिळणं म्हणजे काय, ते कल्याणच्या पासवाल्यांना विचारा. फक्त नंबर कधी लागेल ते ब्रह्मदेव जाणे.

तोवर विनूने एकट्याने जावं, ऑफिसातल्या दोघा-तिघांबरोबर खोली घ्यावी, हा अण्णांचा दुसरा उपाय. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली की शनिवारी उजाडता सांगलीत, रविवारी रात्री परत. ऐकायला गोड आहे. आमच्या ह्यांनी कोल्हापूरच्या बदलीत असंच केलं होतं, आणि ते तर हाकेच्या अंतरावर! शनिवार झोपण्यात जायचा, रविवार कपडे धुण्यात. मी म्हणायचे, पाहुणे आले. वर दोन चुली, दोन दूधवाले, दोन लाइट बिलं. अण्णांना पाठीवर लिहायला कागद तेवढा एक जास्त मिळेल.

आता मुद्द्याचं. जवळ या. एवढी उलाढाल चाललीय, आपल्या गल्लीत भाजीवाल्या मावशींचंही यावर मत आहे. सूनबाईंना कोणी विचारलं का हो?

नाही, "ती काय, विनू म्हणेल तसं" हे तुमचं झालं. अहो, ती सीएच्या ऑफिसात आहे. गावातल्या निम्म्या हळद व्यापाऱ्यांची जीएसटीची रिटर्न्स ती भरते. महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेला तिला जेवायची शुद्ध नसते, ते तुम्हीच मला सांगता. आणि तुमच्या घरचा ताळेबंद मांडतो कोण, तर अण्णा, लाइट बिलावर!

तिचा स्वतःचा हिशोब तयार आहे. परवा गच्चीवर कपडे काढताना मोबाइलवर मला दाखवला. इथे तिला चौदा हजार मिळतात. तिची वर्गातली मैत्रीण मुंबईत हेच काम करते, तिला बत्तीस. म्हणजे विनूच्या एकट्याच्या पगारावर मुंबई हा तोट्याचा धंदा, दोघांच्या पगारावर जेमतेम बरोबरी, आणि क्वार्टर मिळाली तर फायदा. ही तीन गणितं तिने तीन रकान्यांत घातलीत. पाळणाघर धरलंय, पोळी-भाजी केंद्र धरलंय, तिचा लोकलचा पास धरलाय, वर्षातून चार वेळा सांगलीची तिकिटं धरलीत. सणाला तुम्हा दोघांना घ्यायचे कपडेही धरलेत हो.

सगळ्यापुढे आकडे आहेत, फक्त एका ओळीपुढे नाही. तिथे लिहिलंय "आई, पहिले सहा महिने" आणि पुढे प्रश्नचिन्ह. आई म्हणजे तुम्ही. पोरगं अजून चार वर्षांचं नाही, नवी नोकरी लागली की पहिल्या सहा महिन्यांत रजा मागता येत नाही, आणि पाळणाघरवाल्या ताप आलेलं मूल घेत नाहीत. तुम्ही गेलात तर जमतं, नाही तर तिची नोकरी नाही, आणि तिची नोकरी नाही तर मुंबई नाही. आता बोला! अण्णांच्या कागदावर तुमचं नावसुद्धा नव्हतं.

अण्णांच्या जेवणाचं? आमच्याकडे दोन पोळ्या जास्त पडतील, त्यात काय एवढं. पथ्याचं पान मी सांभाळीन. पण त्यांना एकदा कुकर लावायला शिकवा, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी माणूस शिटी मोजू शकतो.

नाही नाही, मला काय विचारता, जावं की न जावं ते. तुमचे गुडघे, तिसऱ्या मजल्याचं घर, लिफ्ट असेल-नसेल. तुम्ही दोघी बसून बोला. अण्णांना त्या वेळी बागेत पाठवा.

पण आज नका हं विचारू. आज वीस तारीख आहे.