वरच्या मजल्याचा किराया

वर्धा जिल्ह्यात घरमालक म्हणून दरारा बसवणं मुळातच अवघड आहे. शहरातून निघालं की तासाभरात सायकलने सेवाग्रामही होतं आणि पवनारही. जमनालाल बजाजांनी गांधीजींना इथे आणलं, राहायला जागा दिली. किराया किती ठरला, हे मी तरी कुठे वाचलेलं नाही. विनोबा १९५१ साली पवनारहून पायी निघाले आणि लोकांकडे चक्क जमिनीच मागू लागले. लोकांनी दिल्याही, एकरांनी. अशा मातीत महिन्याच्या पाच तारखेला जिना चढून "माझे सहा हजार?" असं विचारणारा माणूस कोत्या मनाचा दिसतो. मी तसा दिसू नये याची काळजी माझा भाडेकरूच घ्यायचा. मी वरच्या पायरीवर पोहोचेपर्यंत त्याने चहाचं आधण ठेवलेलं असायचं.

निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून आर्वी नाक्याजवळच्या घरावर मजला चढवला. दोन खोल्या, किचन, वेगळा जिना, सबमीटर. पेन्शनवर घर चालेल आणि किरायावर हौसमौज, असा हिशेब होता. भाडेकरू मिळाला तोही सज्जन. खत-बियाण्याच्या धंद्यातला, हिंगणघाटकडचा; बायको आणि तिसरीतली मुलगी. पहिले काही महिने एक तारखेला पैसे आले. मग पाचला, मग वीसला. पुढे आमच्या व्यवहारातून तारीख ही भानगडच निघून गेली.

कारणं मात्र वेळेवर यायची. जूनमध्ये "पेरणी आहे काकाजी, सगळी उधारी शेतात गेली." पोळ्याला "पोळा झाला की देतो." दिवाळीत "सोयाबीनले भावच नाही न." जानेवारीत "कापसाचा चुकारा अडकून राह्यला." यातलं एकही कारण खोटं नव्हतं, हीच पंचाईत. कापसाचा चुकारा अडकला हे ऐकूनही ज्याचा चेहरा कठोर राहतो, तो माणूस वर्ध्याचा असूच शकत नाही.

मी जन्मभर पोरांकडून पाढे वसूल केले आहेत. सतराचा पाढा न येणारं पोर माझ्या नुसत्या खाकरण्याने रडायचं. पण जिना चढलो की ती खाकर नुसता खोकला व्हायची, आणि भाडेकरूची बायको त्यावर आल्याचा चहा आणायची. तेवढ्यात "आजोबा आले" म्हणत मुलगी वही घेऊन बसायची. अर्ध्या तासाने मी खाली.

"दिला का किराया?" सौभाग्यवती विचारायच्या.

"बेरजेत हातचा विसरते ती," मी सांगायचो.

याला मी एकटाच जबाबदार नाही. आमचं घराणंच मालकांचं नाही. माझं बालपण गावातल्या एका वाड्यात किरायाने गेलं, आणि माझे वडील थकबाकी या विषयातले शास्त्री होते. त्या वेळी विदर्भात १९४९ चा 'सी. पी. अँड बेरार' भाडे नियंत्रण आदेश चालायचा. पश्चिम महाराष्ट्रात मालक सरळ कोर्टात जाई. आमच्याकडे त्याला आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागे. ती मिळाली की नोटीस, नोटीशीनंतर दिवाणी दावा. परवानगीची जी कारणं होती त्यात एक असं, की थकबाकी एकूण तीन महिन्यांची झालेली असावी. बाबा अडीच महिन्यांवर थांबायचे. पंधरवड्याचा किराया नेऊन द्यायचे आणि पुन्हा तब्येतीत थकायला लागायचे. 'सवयीचा थकबाकीदार' असंही एक कारण आदेशात होतं. पण ते शाबित करायला मालकाकडे हिशेबाची वही लागते, आणि आमच्या वाड्याचे मालक हिशेब दाराच्या पाखावर खडूने लिहायचे. दिवाळीच्या चुनारंगात तो पुसला जाई. रंगाच्या कामाला बाबा स्वतःहून हात लावत.

म्हणजे वरच्या मजल्यावरून येणारं प्रत्येक कारण मी आमच्याच ओसरीवर, बाबांच्या तोंडून, आधी ऐकलेलं होतं. एखादं कारण कच्चं वाटलं की दुरुस्ती सुचवायचा मोह मला आवरावा लागायचा.

अखेर चौकात तर्री-पोहे खाताना मित्रांनी माझं प्रकरण हातात घेतलं. "कुलूप ठोक बाप्पा," एक म्हणाला. "लाईट काप," दुसरा. मी त्यातल्या त्यात अहिंसक मार्ग निवडला आणि पाण्याच्या मोटरचं बटण बंद केलं. गच्चीवर टाकी एकच आहे, हे दुपारी आमचाही नळ कोरडा पडल्यावर ध्यानात आलं. संध्याकाळी भाडेकरूने शेजारच्या बोअरवेलवरून आणलेल्या दोन बादल्या आमच्या दारात ठेवल्या. "काकाजी, मोटरचा कंडेन्सर गेला वाट्टे. तुम्ही नका धावपळ करू, मी माणूस बोलावतो." माणूस आला, त्याने बटण चालू केलं आणि दोनशे रुपये घेतले. ते मी दिले. मोटर माझी होती.

मग मात्र वकील गाठला. पाणी बंद केल्याचं ऐकताच त्यांनी चष्मा काढून ठेवला. "कुठे बोलू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. कलम २९. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, काही म्हणता काही तोडता येत नाही. करारनामा आणला का?"

मी अभिमानाने शंभराचा स्टॅम्पपेपर पुढे केला. अकरा महिने, दोघांच्या सह्या, अक्षर माझं.

"नोंदणी?"

"अक्षर माझं आहे," मी पुन्हा म्हणालो.

कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरतात. खोटं आहे हे मालकाने शाबित करायचं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. थोडक्यात, या प्रकरणात घर सोडून सरकारी खोलीत राहायला जाण्याचा संभव भाडेकरूपेक्षा माझाच जास्त होता. "रीतसर नोंदवलेलं लिव्ह अँड लायसन्स असतं, तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेलो असतो. जागा सोडेपर्यंत दुप्पट रक्कम मागितली असती." दुप्पट! मला एकपट मागता येत नव्हती.

दुसरं कारण काही आहे का, म्हणून त्यांनी कलम १६ उघडलं. शेजाऱ्यांना उपद्रव? शेजारी त्याच्याकडून उधारीवर खत नेतात. पोटभाडेकरू? नाही. दारू पिऊन गोंधळ? जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. कागदोपत्री तो पिऊच शकत नाही, आणि खरोखरही पीत नाही. मालकाची स्वतःची खरी गरज? मुलगा पुण्यात आहे, स्वतः भाड्याने राहतो आणि दर महिन्याला वेळेवर पैसे भरतो. आजोबांचं काहीच त्याच्यात उतरलं नाही.

उरली थकबाकी. कलम १५. नोटीस पाठवायची आणि नव्वद दिवस थांबायचं. रजिस्टर पोस्टाने, पोहोच पावतीसह, ती गेली. पोस्टमन आला तेव्हा वरचे सगळे हिंगणघाटला लग्नाला गेले होते. "मास्तर, एकच घर आहे, घ्या तुम्हीच," तो म्हणाला. मी सही केली. पोहोच पावती बघून वकीलसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. वादीने वादीलाच नोटीस बजावल्याचं त्यांच्या वकिलीतलं हे पहिलंच उदाहरण होतं. त्या नोटिशीचा खर्च वेगळा लागला.

दुसरी नोटीस मात्र योग्य हाती पडली. त्याच संध्याकाळी भाडेकरू ती घेऊन खाली आला. "काकाजी, वकिली इंग्रजी आहे. जरा समजावून सांगा ना."

शिक्षकाला असं विचारू नये. मी चष्मा लावला आणि परिच्छेद पाडून शिकवायला लागलो. नव्वद दिवसांत सगळी बाकी भरली तर दावाच नाही. नाही भरली, दावा लागला, तरी समन्स मिळाल्यापासून आणखी नव्वद दिवस. त्यात बाकी, साल दर साल शेकडा १५ ने सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरायचा, पुढे निकालापर्यंत किराया भरत राहायचा, की घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. सरळव्याजाचं उदाहरणही त्याच्याच आकड्यांवर सोडवून दाखवलं.

"म्हणजे टेन्शन नाही म्हणा ना!" तो उजळला. "उत्तर द्या लागते का?"

"द्यावंच. गप्प बसलं तर सगळं मान्य असल्यासारखं दिसतं."

त्याने खरडलेलं उत्तर मला बघवेना. व्याकरण तर नव्हतंच, पण मुद्दासुद्धा नव्हता. ते मी नव्याने लिहून दिलं. नोंदणी मालकाने केली नाही, किरायाच्या पावत्या मालकाने कधी दिल्या नाहीत, मध्यंतरी पाणी बंद झालं होतं, हे मुद्दे क्रमवार घातले. लिहिताना बाबांची फार आठवण झाली.

आठवड्याने वकीलसाहेबांनी बोलावलं. "समोरचा वकील कसलेला दिसतो," ते गंभीरपणे म्हणाले. "त्याला घरातल्या बारीकसारीक गोष्टी कशा माहीत? तुमच्याकडून कोणी फितूर आहे." मी पंख्याकडे बघत राहिलो.

कायदा असं धरून चालतो, की मालक दांडगा आणि भाडेकरू बापडा. पुष्कळदा ते खरंही असतं. रातोरात सामान रस्त्यावर काढणारे मालक या देशात आहेत, म्हणून ही कलमं आहेत. मालकालाही वर्षाला चार टक्के वाढ मागायचा हक्क कायद्याने दिलाय. पण मागायचं तोंड मालकाने घरूनच आणायचं असतं. ते पुरवणारं कलम अधिनियमात नाही.

मुदत संपायच्या तोंडावर भाडेकरूने सगळी बाकी एकदम फोनवरून पाठवली आणि खाली येऊन पेढेही ठेवले. तुरीला भाव बरा मिळाला होता. दावा बारगळला. घर खाली करून घेण्याचा प्रश्न उरला नाही, आणि खरं सांगायचं तर मुलीची चौथीची स्कॉलरशिप जवळ आली होती.

राहिली फक्त वकीलसाहेबांची फी. दोन नोटिसा, सल्ला, टायपिंग. त्यांचा मुन्शी अधूनमधून फोन करतो. परवाही आला.

"देतो ना भाऊ," मी म्हणालो. "वरचा किराया आला की लगेच. या महिन्यात सोयाबीनमुळे जरा लेट आहे."

पलीकडून सहानुभूतीचा उसासा आला. "मग एक नोटीस पाठवून देऊ का, काकाजी? मजकूर तयारच आहे, तारीख तेवढी बदलतो."