ख्रिस्ती कुटुंबातील गृहशिक्षणाचा आरंभ: पालकांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

मुलाला शाळेत न पाठवता त्याच्या शिक्षणाची संपूर्ण जबाबदारी आईवडिलांनी घरीच पार पाडणे म्हणजे गृहशिक्षण, अशी या पद्धतीची सर्वमान्य व्याख्या असली, तरी ख्रिस्ती कुटुंबाच्या बाबतीत ती अपुरी ठरते; कारण येथे पहिला धडा सुरू होण्यापूर्वी आजोबांची, पाळकसाहेबांची, महिला मंडळातील ज्येष्ठ भगिनींची आणि परमेश्वराची अशा चार संमती मिळवाव्या लागतात, आणि त्यांपैकी परमेश्वराची संमती सर्वांत लवकर मिळते, असे आढळून आले आहे. प्रस्तुत मार्गदर्शन पुणे, अहिल्यानगर किंवा सोलापूर येथील मराठी प्रोटेस्टंट कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे. वसईच्या कॅथलिक कुटुंबाने ते वाचताना पाळकसाहेबांच्या जागी फादर असे वाचावे. आजोबांच्या जागी मात्र आजोबाच ठेवावेत, कारण तो घटक सर्व पंथांत सारखाच असतो.

आरंभी शास्त्राधार शोधणे आवश्यक आहे. 'शास्त्र' या शब्दाने मराठी ख्रिस्ती घरात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, समजले जाते. बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवाव्यात आणि त्यांविषयी घरीदारी, वाटेने चालताना, निजताना व उठताना बोलत राहावे, असा उपदेश आहे, आणि गृहशिक्षणाचा ख्रिस्ती पुरस्कर्ता आपल्या म्हणण्याचा पाया याच वचनावर रचतो. या वचनात अपूर्णांक, प्रकाशसंश्लेषण आणि महाराष्ट्रातील नद्या यांचा उल्लेख नाही, ही अडचण खरी आहे. परंतु अनुवादाच्या लगेच आधीच्या पुस्तकाचे नाव 'गणना' असल्यामुळे निदान गणिताची सोय झाली, असे समाधान काही उत्साही पालक करून घेतात. शास्त्राधार मिळाल्यावर पालकांनी आपल्या मनावर 'ओझे' आल्याचे रविवारच्या उपासनेनंतर जाहीर करावे. मंडळीच्या परिभाषेत ओझे म्हणजे एखादे कार्य करण्यासाठी देवाने मनात घातलेली तळमळ, आणि तिचा विशेष गुण असा, की तिच्याविषयी वाद घालणे इतरांना अवघड जाते.

आजोबांच्या बाबतीत मात्र ओझ्याचा उपयोग होत नाही. मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास हा फार मोठ्या अंशाने शाळांचा इतिहास आहे: अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे केले, आणि चर्चची इमारत पुरती उभी राहण्याआधी शाळेची घंटा वाजू लागावी, असा पुढे अनेक ठिकाणी प्रघातच पडला. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंनी याच अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण त्यांच्याकडे घेतल्याचे सांगितले जाते. परिणामी या समाजातील कोणत्याही घराण्यात दोन पिढ्या मागे गेले की एखादा मास्तर सापडतोच, आणि प्रस्तुत आजोबा तर मिशनच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले असतात. ते फक्त एवढेच विचारतात, की शाळेने तुमचे काय वाईट केले. या प्रश्नाचे उत्तर देताना पालकांनी आवाज खाली ठेवावा, कारण ज्या घराच्या दिवाणखान्यात गृहशिक्षण सुरू व्हायचे आहे ते घर शाळेच्या पगारातून आणि नंतर तिच्याच निवृत्तिवेतनातून उभे राहिलेले असते.

वाद वाढल्यास इतिहासाचा आधार घेण्याचा मोह होतो, परंतु तो टाळावा, कारण इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील प्युरिटनांनी, म्हणजे चर्च अधिक शुद्ध करू पाहणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांनी, १६४७ साली एक कायदा करून पन्नास घरांच्या प्रत्येक गावाला लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमण्याची सक्ती केली, आणि त्याचे कारण असे नमूद केले, की माणसाला शास्त्राच्या ज्ञानापासून दूर ठेवणे हा सैतानाचा जुना डाव आहे. त्याच देशात विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत ख्रिस्ती गृहशिक्षणाची चळवळ फोफावली आणि १९९३ सालापर्यंत पन्नासही राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर ठरले, तेव्हा चळवळीतील अनेकांचे म्हणणे असे होते, की सैतान आता शाळेतच शिरला आहे. म्हणजे सैतानाविषयी दोन्ही पक्षांत एकवाक्यता असून मतभेद केवळ त्याच्या पत्त्याविषयी आहे. ज्या देशाने नगरला शाळा पाठवल्या त्याच देशातून आता शाळा सोडण्याविषयीची पुस्तके येतात, ही गोष्ट आजोबांच्या लक्षात स्वतःहून येईपर्यंत तिचा उल्लेख करू नये.

पूर्वसूरींचे दाखले देण्याची वेळ आल्यास पहिला मान इंग्लंडमधील सुझॅना वेस्ली यांना द्यावा लागतो. त्यांना एकोणीस मुले झाली, त्यांपैकी दहा जगली. मूल पाच वर्षांचे झाले की त्याची शाळा त्या घरीच सुरू करत आणि इंग्रजी मुळाक्षरे शिकण्यासाठी त्याला एक दिवस देत. दोन मुलींना दीड दिवस लागला, आणि हे त्यांच्या आईने लिहून ठेवल्यामुळे तीन शतकांनंतरही जगाला माहीत आहे. जॉन आणि चार्ल्स या मुलांनी पुढे मेथॉडिस्ट पंथाची चळवळ उभी केली, हे पाहून मराठी आईने तोच वेग धरण्याचे कारण नाही, कारण इंग्रजीची अक्षरे सव्वीसच आहेत आणि त्यांना बाराखडीही नाही, जोडाक्षरेही नाहीत. मराठीतला दाखला याहून सबळ, पण अधिक गैरसोयीचा आहे. १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाई लहानपणी कधीही शाळेत गेल्या नाहीत; संस्कृत त्यांना आईने शिकवले, आणि तेही पायी तीर्थयात्रा करत असताना, म्हणजे अनुवादातील वाटेने चालण्याची अट त्या कुटुंबाने बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधी आणि वेगळ्याच शास्त्रासाठी पाळली. १८८३ साली रमाबाईंनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि घरी शिकून इतकी विद्वत्ता मिळवलेल्या या बाईंनी १८८९ साली मुंबईत काय उघडले, तर शारदा सदन नावाची शाळा. हा उत्तरार्ध आजोबांना पाठ असतो.

कायद्याचा विचार थोडक्यात उरकता येतो. बालकांच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे त्याने पालकांचे कर्तव्य ठरवले, परंतु कर्तव्य न केल्यास पालकांना काय शिक्षा, हे त्यात सांगितले नाही. या मोकळ्या जागेत भारतातील गृहशिक्षण बरेचसे बिनघोर नांदते. शाळाबाह्य, म्हणजे कोणत्याही शाळेच्या पटावर नसलेली मुले शोधण्यासाठी शिक्षक घरोघरी येतात, तेव्हा मात्र मुलाला दार उघडू देऊ नये; 'तू कितवीत आहेस' या प्रश्नाला 'मी वर्गात नाही, मी कृपेत वाढतो आहे' असे पाठ करून घेतलेले उत्तर दिल्याने सर्वेक्षणाचा रकाना भरत नाही. मोठ्यांनी वह्या दाखवाव्यात, चहा विचारावा आणि शुभवर्तमान सांगण्याची ही वेळ नाही हे ओळखावे.

यानंतर अभ्यासक्रमाची निवड, आणि हा भाग विस्ताराने पाहणे इष्ट ठरेल, कारण बहुसंख्य कुटुंबांचे गृहशिक्षण याच टप्प्यावर सर्वाधिक उत्साहात असते. पहिला पर्याय १९७० साली टेक्सासमध्ये सुरू झालेल्या 'अॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन' या पद्धतीचा होय. हिच्यात दर विषयाला वर्षाकाठी बारा पुस्तिका असतात, ऐंशी टक्के गुण मिळाल्याखेरीज पुढची पुस्तिका हाती येत नाही, आणि मूल दोन्ही बाजूंना आडोसे लावलेल्या मेजावर, ज्याला अधिकृतपणे 'ऑफिस' म्हणतात, भिंतीकडे तोंड करून बसते व अडचण आल्यास हाक न मारता छोटा झेंडा लावते. शाळेतील रुक्ष वातावरणापासून मुलाची सुटका करण्यासाठी त्याला थेट ऑफिसात बसवण्याची ही कल्पना ज्यांना पटते, त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: पुस्तिकेतील उत्तरे मुलाने उत्तरसूचीवरून स्वतःच तपासायची असतात. मूळ पापाचा, म्हणजे आदामापासून प्रत्येक मनुष्यात उतरलेल्या पापप्रवृत्तीचा सिद्धान्त मानणाऱ्यांनीच नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती उत्तरसूची द्यावी, हा धर्मशास्त्रीय धाडसाचा विरळा नमुना म्हणावा लागेल.

दुसरा पर्याय शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंचा. 'होम एज्युकेशन' हे त्यांचे पुस्तक १८८६ सालचे असून लहान मुलांचे धडे आखूड असावेत, पाठ्यपुस्तकांऐवजी जीव ओतून लिहिलेली पुस्तके वाचावीत, वाचलेले मुलाने आपल्या शब्दांत सांगावे आणि रोज बाहेर हिंडून निसर्गाची वही भरावी, असे त्यांच्या पद्धतीचे सार आहे. सर्व पद्धतींत ही सर्वांत शहाणी आहे, हे येथे नमूद केलेच पाहिजे. मात्र तिचा जन्म इंग्लंडात झाला, आणि चौथ्या मजल्यावरील सदनिकेत तिचा अवलंब केल्यास निसर्गाच्या वहीची पहिली बरीच पाने कबुतरांनी भरतात. तिसरा पर्याय अभिजात शिक्षणाचा. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानापासून त्याला नवी उभारी मिळाली. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या मध्ययुगीन त्रयीवर तो उभा असून त्यात बहुधा लॅटिन शिकवावे लागते. दहावीला गुणांसाठी शंभर मार्कांचे संस्कृत घेऊन निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते विसरलेले वडील मुलाकडून लॅटिन नामे चालवून घेताना पाहणे उद्बोधक असते. शेजारी त्या वेळी दार लावून घेतात, हे वेगळे.

यांपैकी कोणताही पर्याय घेतला, तरी पुस्तके बहुधा अमेरिकी असतात आणि त्यांतील गणित डाइम आणि क्वार्टर या नाण्यांचे, उष्णता फॅरनहाइटमधली, तर नाताळ बर्फाचा असतो. याहून गंभीर प्रश्न भाषेचा आहे, आणि चळवळीतील मार्गदर्शक पुस्तके त्याविषयी मौन पाळतात. नगरच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी मराठी शिकून घेतली, मराठीत गीते रचली, १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक काढले; त्यांच्या शाळांत शिकलेल्यांची पणतवंडे मात्र विश्वास घरातच राहावा म्हणून घरी बसतात आणि प्रार्थना इंग्रजीत करतात, ती शेजारी बसलेल्या आजीला अर्धीच कळते. यावर उपाय म्हणून दुपारी अर्धा तास आजीने मराठी शास्त्र वाचावे आणि मुलाने बोट ठेवून ऐकावे. या अर्ध्या तासाला पुस्तिका नसते, गुण नसतात आणि झेंडाही नसतो, त्यामुळे तो वेळापत्रकात दाखवता येत नाही.

वेळापत्रक करताना कामाची वाटणी आधी स्पष्ट करावी. गृहशिक्षणाच्या साहित्यात सर्वत्र 'पालक' असा शब्द येतो. व्यवहारात त्याचा अर्थ आई असा घ्यावा. वडील हे कुटुंबाचे मस्तक असल्यामुळे मुख्याध्यापकपद त्यांच्याकडे जाते, आणि ते सकाळची कौटुंबिक प्रार्थना चालवून, दिवसभरासाठी आशीर्वाद मागून नोकरीवर निघून जातात. अभ्यास, स्वयंपाक, धाकट्याचे शी-शू आणि भागाकार हे विषय आई सांभाळते. पुढे मंडळीत गृहशिक्षणाविषयी साक्ष देण्याचा, म्हणजे देवाने आयुष्यात काय केले ते सर्वांसमोर सांगण्याचा प्रसंग आला, की माइक वडिलांच्या हाती असतो. या व्यवस्थेला शास्त्राधार आहे असे सांगितले जाते. सुझॅना वेस्ली यांचे पती कामानिमित्त वारंवार बाहेरगावी असत, एवढे मात्र इतिहासावरून निश्चित म्हणता येते.

'मुलाला मित्र कसे मिळणार' हा प्रश्न महिला मंडळात हमखास विचारला जातो. त्यावर पालकांनी संडे स्कूल, तरुण संघ, नाताळचे नाटक आणि इतर गृहशिक्षित कुटुंबांची मासिक भेट अशी यादी द्यावी. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळताना मूल जे शब्द शिकून येते त्यांचा यादीत समावेश करू नये.

मुलाविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. ते बहुतेक वेळा जुळवून घेते, सकाळी उशिरा उठण्यास मिळाल्यास आनंदी असते आणि वाचनाची गोडी लागल्यास, मार्गदर्शन कोणतेही असो, स्वतःच शिकते. तेरा-चौदाव्या वर्षी दहावीचा प्रश्न उभा राहतो, तेव्हा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था किंवा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेस बसण्याचा अर्ज, असे दोन मार्ग असतात. सतरा नंबर निवडल्यास कागदपत्रे जवळच्या एखाद्या शाळेत, म्हणजे संपर्क केंद्रावर, जमा करावी लागतात, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला नसल्यास दुसरी प्रत व प्रतिज्ञापत्र मागितले जाते. त्या खिडकीशी जाताना पालकांनी आजोबांना सोबत न्यावे. तेथील क्लार्क बहुधा त्यांचा विद्यार्थी निघतो, आणि रांग बरीच लहान होते.