मास्तरांचा तिसरा

बुऱ्हाणपुरात राजघाटाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी एखादा पोरगा ट्रम्पेटवर तेच तीन सूर घोटत बसलेला दिसला, आणि त्या तीन सुरांचं काही केल्या गाणं होत नसलं, तर समजावं की मास्तरांनी त्याला 'तिसरा' दिलाय. शाही किल्ला पाहायला आलेल्या पाहुण्यांना वाटतं, कुणीतरी मुमताजसाठी शोकधून वाजवतंय. ती १६३१ साली याच गावात वारली, त्यामुळे त्यांचंही चुकत नाही. तालीम घाटावर, कारण मोहल्ल्यानं हाकललं. तापीच्या पात्रातला दगडी हत्ती मात्र अजून काही बोललेला नाही.

मास्तर लग्नाच्या बँडचे. अंगात झालरीचा लाल कोट आणि डोक्यात गोवा. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरं नोटेशन वाचायला शिकली आणि पुढे मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात जाऊन बसली, हा इतिहास ते आपल्या घराण्याचा असल्यासारखा सांगतात. प्रत्यक्षात घराणं खंडव्याच्या पुढे गेलेलं नाही. "सी. रामचंद्र पुणतांब्याचे, म्हणजे आपलेच. पण 'अलबेला'ला चिक चॉकलेट नसता तर? शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा नसते तर?" या 'नसते तर'वर मास्तरांचे दोन चहा होतात, आणि पैसे समोरचा देतो. चाल बांधणाऱ्याचं नाव पडद्यावर ठळक येतं. चालीखाली चार वाद्यं कोण कशी उभी करतो, हे कुणी विचारत नाही, ही त्यांची जन्माची तक्रार.

म्हणून मास्तर स्वतः उभी करतात. किराणा दुकानातल्यासारखी लांबडी वही, तिच्यात चार रकाने: पहिला ट्रम्पेट, दुसरा, तिसरा आणि युफोनियम. पोरांना नोटेशन येत नाही, म्हणून सरगम. समजा चाल साधीच आहे, सा-रे-ग. पहिला तेच वाजवतो. दुसऱ्याला ध-नि-सा. युफोनियमला ग-म-प. इथवर कुणाची हरकत नसते. उरलेला तिसरा मात्र प, मग कोमल धैवत, मग शुद्ध धैवत.

"मास्तर, दोन्ही धैवत एकापाठोपाठ? हा कुठला राग?"

"राग नाही. रस्ता आहे. तू गप वाजव."

रस्ताच आहे. 'सा'खाली ध-प-ग लावले की सूर बसतात. 'रे' आला की खाली नि, कोमल ध आणि म लावून चौघांनी मिळून जरा अस्वस्थ व्हायचं, आणि 'ग'वर ग-सा-ध-प असं पुन्हा सैल बसायचं. ती मधली अस्वस्थता नेमकी तिसऱ्याच्या कोमल धैवतात असते. तो काढला तर गाणं तेच राहतं, फक्त त्यातला सिनेमा जातो. फार गर्दी वाटली तर मास्तर वरून दुसरा सूर उचलून एक सप्तक खाली युफोनियमला देतात, बाकीचे सरकवून घेतात, आणि त्याला 'हवा सोडणं' म्हणतात. अल्टो सॅक्सोफोनला मात्र वहीच्या आसपास फिरकू देत नाहीत. ट्रम्पेटची सरगम त्यानं जशीच्या तशी वाजवली तर सूर पंचमाइतका खाली उतरतो. एवढी हवा सोडायची नसते.

हे सगळं घाटावर उत्तम होतं. घोळ वरातीत होतो, आणि मला वाटतं तो संगीताचा नसून हिशोबाचा आहे. नवरदेवाचा मामा नाचता नाचता दहाची नोट ओवाळतो ती चाल वाजवणाऱ्याच्या तोंडावरून. प-कोमल ध-शुद्ध ध वाजवणाऱ्यावरून जगात कुणी नोट ओवाळलेली नाही. तिसरा हे पहिल्या कोपऱ्यापर्यंत सोसतो. दुसऱ्या कोपऱ्यावर त्याचाही सूर हळूच सा-रे-गवर येतो. त्याचं पाहून दुसरा येतो. मारुतीच्या देवळापर्यंत चौघे एकाच सुरात, आणि मागे ढोलताशा. मास्तर उलटे चालत, हातातली काठी हलवत, डोळ्यांनी शिव्या देत असतात.

त्यांनी उपायही केले. ओवाळणी एका डब्यात टाकून सारखी वाटायची, असा नियम काढला. तेव्हा पहिल्या ट्रम्पेटनं नोटा डब्याऐवजी मोज्यात ठेवायला सुरुवात केली. मग तिसऱ्याला प्रत्येक अंतऱ्यानंतर दोन मात्रांची स्वतःची तान दिली. तो ती तान संपल्यावरही वाजवत राहिला.

गेल्या वैशाखात मात्र पोरं बधली. मास्तरांनी वरातीआधीच तिसऱ्याच्या हातावर वेगळी पन्नासची नोट ठेवली होती. घरापासून मांडवापर्यंत चारही रकाने जसेच्या तसे वाजले, कोमल धैवतासकट. रात्री मुलीचे वडील हिशोबाला बसले आणि ठरल्या रकमेतून पाचशे कमी मोजले.

"अहो मास्तर, पोरं घरून भांडून आली होती का? चौघं चार वाटांनी वाजवत होती. मला बेसूर कळतं, सांगून ठेवतो."

मास्तरांनी उठून त्यांचे दोन्ही हात धरले. "कळलं तुम्हाला? चौघं वेगळं वाजवत होते, हे कळलं?"

"न कळायला काय झालं! तो कडेचा तर भलतंच काहीतरी..."

"तिसरा!" मास्तर ओरडले. परत येताना त्यांनी तिसऱ्याला मावा जिलबी खाऊ घातली, आणि कापलेले पाचशे पहिल्या ट्रम्पेटच्या हिश्शातून वळते केले.