बटणाला विचारून बघा

जयगडात विजेची वाण आहे असं म्हणायची सोय नाही. १,२०० मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र गावाला खेटून उभं आहे. तरीही तवसाळच्या फेरीबोटीच्या रांगेत एखाद्या रिक्षाचा हॉर्न मौन पाळतो आणि एखाद्या टेम्पोचा वायपर भर उन्हात काच पुसत सुटतो. वीज मुबलक आहे, अडतं ते बटणापाशी.

शेजारच्या तात्यांनी जुन्या जीपला दोन फॉगलाइट लावायचे ठरवले. माळ्यावर पंख्याचं ६ अँपियरचं बटण पडून होतं. "२३० व्होल्ट पचवलेलं बटण आहे. १२ व्होल्ट म्हणजे त्याला पेन्शन!"

वायरमनने बटण उलटंपालटं करून परत दिलं. "तात्या, व्होल्ट राहू द्या, अँपियर बोला." ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, १२ ने भागलं की नऊच्या वर अँपियर. त्यातून हॅलोजनची थंड तार पेटताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे बटणातली ठिणगी विझते. गाडीतली डीसी म्हणजे माइक हाती लागलेले माजी अध्यक्ष. मध्ये श्वासच नाही! बटण बंद केलं तरी ठिणगी रेंगाळते आणि आतले पॉइंट जळतात.

म्हणून मध्ये रिले. त्याच्या टोकांवर आकडे असतात: ३० वर बॅटरीकडून फ्यूजमार्गे वायर, ८७ वरून दिव्यांना, ८५ आणि ८६ कॉइलचे. बटणाने पाव अँपियरहून कमी करंटात नुसता हुकूम सोडायचा, ओझं रिलेने वाहायचं. तात्यांना हे तत्काळ पटलं. काकूंनी फक्त एकदा वर पाहिलं.

मग बटणाची जात बघायची. हॉर्नला बोट उचलताच परत येणारं बटण; दिव्याला दाबलं की तिथंच राहणारं. अदलाबदल झाली तर जयगडापासून गणपतीपुळ्यापर्यंत सगळ्यांना तुम्ही निघाल्याचं कळेल.

उरला खारा वारा. तो पितळेलाही हिरवं करतो. "आयपी ६७ घ्या," वायरमन म्हणाला. "धूळ आत जात नाही, १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं. पण हा दाखला पुष्कळदा पुढच्या तोंडापुरताच असतो, मागच्या टोकांना रबरी टोपी घाला."

तात्यांनी विचार केला. "घेतो. जीप खाडीत गेलीच, तर निदान दिवे बंद करून बाहेर येता येईल. बॅटरी कशाला फुकट घालवायची?"