निर्मलतेची कारकुनी

आमच्या भाच्याने पर्यावरणशास्त्रात एम. एस्‌सी. ही पदवी संपादन केली, तेव्हा आमच्या घराण्यात त्या विषयाचा जाणता असा एकही इसम नसल्यामुळे, या विद्येचे पुढे नेमके काय करतात हा प्रश्न पेढे वाटून होईपर्यंत कोणासही सुचला नाही. वकिलीची सनद घेतलेला मनुष्य कोर्टात जातो, डॉक्टर दवाखाना थाटतो आणि यांपैकी काहीच न साधलेला निवडणुकीस उभा राहतो, हे आमच्या करंजाड्यात सर्वांस ठाऊक आहे. परंतु पर्यावरणाचा पदवीधर सकाळी डबा घेऊन कोठे जातो, याविषयी आमच्या इमारतीत तीव्र मतभेद होते. तो जंगल खात्यात जातो, असे मत तिसऱ्या मजल्यावरच्या, तहसील कचेरीत उभी हयात घालवलेल्या निवृत्त अव्वल कारकुनांचे पडले. तो झाडे लावतो, असे आमच्या सौभाग्यवतींचे. आणि तो पृथ्वी वाचवतो, असे स्वतः भाच्याचे. पगाराचा आकडा मात्र तिघांपैकी कोणाच्याच मतात समाविष्ट नव्हता.

वास्तविक पृथ्वी वाचवण्याच्या उमेदवारास करंजाड्यासारखे सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही. माथेरानच्या डोंगरातून येणारी गाढी नदी आमच्या आणि पनवेलच्या मधून वाहते. दक्षिणेस १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झालेला कर्नाळा आहे. दुसऱ्या अंगास नवी मुंबईचा विमानतळ, ज्याच्यासाठी टेकडी तासली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि जागेवरून उठवलेल्या गावांतील कितीतरी कुटुंबे वडघर-करंजाडे परिसरात आणून वसवली. आणि पनवेल-कळंबोली ओलांडली की तळोज्याची औद्योगिक वसाहत. तात्पर्य, जतन करण्याजोगे आणि तक्रार करण्याजोगे असे सर्व काही अर्ध्या दिवसाच्या फेरीत बसते. इमारतीच्या गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका स्पष्ट दिसला तर हवा बरी आणि न दिसला तर नेहमीची, असे एक गावठी परिमाण आम्ही पूर्वापार वापरीत होतो. भाच्याने मुक्कामास आल्याबरोबर त्याच्या जागी धूलिकणांचे आकडे प्रस्थापित केले, परंतु आकडे पाहून झाल्यावर त्यांची खातरजमा करण्यास तोही गच्चीवरच जात असे.

त्याचे सारे लक्ष अर्थातच कर्नाळ्याकडे लागलेले होते. परंतु अभयारण्यात सरकार भरती करते ती वनरक्षकांची, आणि वनरक्षकास पाच किलोमीटर धावून दाखवावे लागते. फुलपाखरांवर प्रबंधिका लिहिणाऱ्यास धावण्याचा सराव असतो खरा, पण तो दर वीस पावलांवर थांबून टिपणे घेण्याचा. विमानतळ परिसरातील पक्ष्यांच्या नोंदींचे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या १८८३ पासून हाच व्यवसाय करीत आलेल्या मातब्बर संस्थेकडे होते, आणि तिच्या दारात आमच्या भाच्यासारखे पाखरू आधीपासूनच विपुल प्रमाणात आढळते, असे त्याला कळले.

मग हळूहळू असा उलगडा होत गेला की, हे क्षेत्र अरण्यात नव्हे तर कायद्याच्या पुस्तकात उगवते. १९७४ साली पाण्याचा कायदा झाला, १९८१ साली हवेचा झाला, भोपाळात १९८४ च्या डिसेंबरात जे घडले त्याने सरकारची झोप उडाली आणि १९८६ साली समग्र पर्यावरणाचा कायदा आला. प्रत्येक कायद्याला कलमे फुटली, कलमांना नमुने लागले, नमुन्यांना रकाने आले आणि ते रकाने मुदतीत भरून देणारा एक पगारी मनुष्य प्रत्येक कारखान्यास ठेवावा लागला. पृथ्वी वाचवण्याचा तनखा मिळतो तो या रकान्यांतून. ही गोष्ट विद्यापीठात शिकवीत नाहीत. अव्वल कारकुनांनी मात्र ती ऐकताच समाधानाने मान हलवली आणि, ‘‘म्हणजे शेवटी आमच्याच खात्यात आलास म्हणायचा,’’ असे म्हणून भाच्यास प्रथमच बसावयास खुर्ची दिली.

पहिले बोलावणे आले ते वांद्रे-कुर्ला संकुलातील एका सल्लागार पेढीचे. बाजारमूल्याने अग्रगण्य अशा १००० कंपन्यांनी निसर्गाशी व समाजाशी आपली वर्तणूक कशी राहिली याचा जबाब दरसाल द्यावा, अशी सक्ती सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून केल्यामुळे, असे जबाब लिहून देणाऱ्या अर्जनविसांना सध्या बरकतीचे दिवस आहेत. कर्मचारी कचेरीत कोणत्या वाहनाने येतात आणि त्यापायी किती कर्बवायू निघतो, हेही या हिशेबात धरता येते. ते काम प्रशिक्षणार्थी म्हणून भाच्याकडे आले. आणि शेअर रिक्षाने पनवेल स्टेशन व तेथून हार्बरच्या गाडीत एका पायावर कुर्ला असा प्रवास करणारा तो स्वतःच त्या पेढीतील सर्वांत निर्मल प्राणी ठरला. या बहुमानाखेरीज तेथे दुसरे काहीही मिळत नसल्यामुळे त्याने ती उमेदवारी लवकरच सोडली.

तळोज्यातील मुलाखत निराळ्या धर्तीची झाली. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी त्याची प्रशस्तिपत्रे न वाचताच बाजूस सारली आणि विचारले, ‘‘२०१७ सालचे निळे कुत्रे आठवतात का तुम्हाला?’’ आठवत कोणाला नाहीत! त्या वर्षीच्या ऑगस्टात तळोज्यातील कासाडी नदीच्या आसपास हिंडणारी कुत्री आकाशाच्या रंगाची दिसू लागली, तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळास रंगाचा एक कारखाना बंद करण्याचा हुकूम काढावा लागला होता. पंचतंत्रातला कोल्हा निळीच्या पिंपात पडला तर त्याला निदान काही दिवस अरण्याचे राज्य तरी मिळाले; तळोज्याच्या कुत्र्यांना वर्तमानपत्रांतील छायाचित्रांवर समाधान मानावे लागले. भाच्याने होकार देताच साहेब म्हणाले, ‘‘तसलं काही आपल्याकडे होऊ द्यायचं नाही. आणि झालंच, तर तो रंग आपण वापरत नाही हे कागदावर दाखवता आलं पाहिजे.’’ दोन्ही कलमे मान्य करून भाचा रुजू झाला.

त्याचा हुद्दा ‘पर्यावरण अधिकारी’ असा भारदस्त असला, तरी त्याचे राज्य म्हणजे कारखान्याच्या पिछाडीस असलेले सांडपाणी प्रक्रिया केंद्र, ज्याला वसाहतीत ईटीपी याखेरीज दुसरे नाव नाही. तेथील जुन्या ऑपरेटरांना सर्वजण काका म्हणतात. काका एरेशनच्या टाकीतले तपकिरी पाणी एका लांबट मोजपात्रात घेतात, अर्धा तास गाळ खाली बसू देतात, बसलेल्या गाळाची उंची वाचतात आणि नंतर पात्र नाकाशी नेऊन आज टाकीची प्रकृती कशी आहे ते सांगतात. प्रयोगशाळेतून बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण पचवण्यास जंतूंना लागणाऱ्या प्राणवायूचा, निकाल २७ अंश उष्णतेत ठेवलेल्या नमुन्यावरून तीन दिवसांनी येतो आणि बहुधा काकांशी सहमत होतो. या टाकीत घाण खाणारे कोट्यवधी जंतू नांदतात, आणि काका त्यांच्याविषयी गोठ्यातल्या जनावरांविषयी बोलावे तशा आत्मीयतेने बोलतात. ‘‘साहेब, यांना एकदम जास्त घातलं की बाधतं आणि उपाशी ठेवलं की मरतात. सुट्टी मागत नाहीत एवढाच काय तो फरक,’’ असा पहिला धडा त्यांनी दिला.

त्या उपासमारीचा प्रसंग दिवाळीत येतो. कारखाना बंद, त्यामुळे सांडपाणी बंद, त्यामुळे जंतूंचे अन्न बंद. तेव्हा सणाच्या दिवसांत त्यांना गूळ आणि युरिया घालून जगवावे लागते. आमच्या घरी अनारशांसाठी आणलेल्या गुळाचा भाव सौभाग्यवती मोठ्या आवाजात सांगत असताना, भाच्याने त्याहून कितीतरी अधिक गुळाच्या ढेपी ऐन नरकचतुर्दशीस तळोज्यास रवाना केल्याचे वर्तमान सांगितले, आणि स्वयंपाकघरात काही वेळ कोणी बोलले नाही. ‘‘अरे, त्या जंतूंना गूळ कशाला? मेले तर बरंच की!’’ असे सौभाग्यवतींनी शेवटी विचारले. त्यावर भाचा म्हणाला, ‘‘मामी, जंतू मेले तर पाणी घाण राहतं; आणि घाणच आली नाही, तर जंतूही जातात आणि मीही जातो.’’ कर्नाळ्यातल्या पाखरांसाठी घराबाहेर पडलेल्या या मुलाच्या योगक्षेमाची एवढी अचूक मांडणी त्याच्या प्रबंधिकेतसुद्धा नव्हती.

त्याच्या खात्याचा खरा महोत्सव मात्र दिवाळीत नसून सप्टेंबरात असतो. मागील आर्थिक वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे नमुना पाच, ३० सप्टेंबरच्या आत मंडळाकडे दाखल करावे लागते, आणि पंचांगकर्त्यांच्या कृपेने पितृपक्षही बहुधा त्याच सुमारास पडतो. किती पाणी वापरले, किती सोडले, कोणता कच्चा माल किती खर्ची पडला, हे सर्व त्या पत्रात घोळून झाल्यावर अगदी शेवटी, पर्यावरणाचा दर्जा सुधारण्याविषयी आणखी काही सांगण्याजोगे असल्यास ते सांगावे, असा एक प्रेमळ रकाना येतो. भाच्याने त्या रकान्यासाठी, गाढी-कासाडीच्या काठच्या पक्ष्यांचा उल्लेख करून, दोन पृष्ठांचे निवेदन मोठ्या तन्मयतेने तयार केले होते. साहेबांनी ते आरंभापासून अखेरपर्यंत वाचले, भाषा चांगली असल्याचे कबूल केले आणि लाल शाईने ते खोडून वर ‘निरंक’ असा शेरा मारला.

एवढ्या अनुभवानंतर इमारतीतही त्याचा लौकिक वाढला, यात नवल नाही. गेल्या सर्वसाधारण सभेत ओला व सुका कचरा, टँकरच्या पाण्याला येणारा दर्प आणि तळमजल्यावरचे तुंबलेले गटार हे तीनही विषय पर्यावरणाच्या सदरात मोडतात असा निर्वाळा अव्वल कारकुनांनी दिला, आणि भाच्याची सोसायटीचा पर्यावरण सल्लागार म्हणून तहहयात नेमणूक करण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. ठरावाचा मसुदा कारकुनांनी स्वहस्ते, जुन्या वळणदार अक्षरांत लिहिला. नाव, हुद्दा, कर्तव्ये, मुदत हे रकाने त्यांनी यथासांग भरले, आणि मानधनाच्या रकान्याशी येताच चष्म्यावरून भाच्याकडे पाहिले. ‘‘लिहा, निरंक,’’ भाचा म्हणाला.